सांगितलं असतं, तर

माझ्या भाऊजींना कुणी काही सांगावं आणि त्यांनी ते ऐकावं, असं आमच्या नातेवाइकांत कुणीच कधी पाहिलेलं नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण ज्यानं काढली, त्यानं आमचे भाऊजी बघूनच काढली असणार. आणि कोर्टात सिद्ध काय करायची वेळ यावी? तर, सांगितलं असतं तर या माणसानं ऐकलं असतं, हे! हसू नका. मी हसले होते, तेव्हा आमच्या वकीलबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की हसू घशातच अडकलं.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात. भाऊजी त्यात प्लॅस्टर ओततात, साचा तयार करतात, त्यावर मेणाच्या हिरड्या आणि त्या हिरड्यांत एकेक दात बसवत जातात. मेणाची कवळी तोंडात घालून बघायची, जमली की मग गुलाबी प्लॅस्टिकची पक्की करायची. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण आमच्या भाऊजींचं पोट दातांवरच भरलं, आणि चांगलं ढेरी सुटेपर्यंत भरलं.

या धंद्यात सगळ्यात अवघड काय, तर रंग. मला वाटायचं, दात ते दात, पांढरेच असणार, त्यात जुळवायचं काय डोंबल? एकदा भाऊजींनी मला खिडकीपाशी उभं केलं, नमुन्याच्या दातांची पट्टी माझ्या ओठांशी धरली आणि म्हणाले, "मेहुणीबाई, तुमचे दात राखाडीकडे झुकलेत. चहा कमी करा." मी चिडले, पण आरशात बघितलं तर खरंच होतं. बल्बखाली पिवळा दात पांढरा दिसतो, ट्यूबखाली पांढरा दात निळा दिसतो. खरा रंग कळतो तो दिवसाच्या उजेडातच, आणि तोही मोकळ्या आकाशाच्या. बाकी सगळी कामं दिव्याखाली होतील, एवढं एक होत नाही.

गंमत बघा, असा हा उजेडाचा धंदा भाऊजींनी निम्मं आयुष्य एका तळघरात केला. भाड्याच्या. त्यामुळे रंग जुळवायचा झाला की ते बिस्किटांच्या डब्यात दात घेऊन घरी यायचे आणि ताईच्या ओट्यामागच्या खिडकीत मांडून बसायचे. ताई इकडे भाजी चिरतेय आणि तिकडे कुणाचा तरी खालचा जबडा तिच्याकडे बघून हसतोय. नवीन पाहुणी आली की ताई आधी खिडकीवर फडकं टाकायची, मग पाणी द्यायची.

मग घराच्या मागच्याच गल्लीत तळमजल्याची एक खोली विकायला निघाली. दोन मोठ्या खिडक्या, समोर मोकळा प्लॉट, दिवसभर लख्ख उजेड. भाऊजी बघून आले आणि त्यांचं जेवणातून लक्षच उडालं. होतं नव्हतं ते सगळं घालून खोली घ्यायची ठरली. कागदपत्रं बघायला वकीलकाका होतेच. हे वकीलकाका भाऊजींचे जुने स्नेही, गरीब गाय माणूस. त्यांनी कागद तपासले आणि त्यांना एक गोष्ट सापडलीही. समोरच्या प्लॉटवर चार मजली इमारतीची परवानगी आधीच मिळाली होती, तीही अगदी हद्दीला चिकटून. आता हे भाऊजींना कळवायचं, तसं पत्र लिहायचं, एवढंच काम. पण ते राहून गेलं. आज लिहू, उद्या लिहू, म्हणता म्हणता व्यवहारावर सह्या झाल्या.

पुढच्या वर्षी भिंत उभी राहिली. आता भाऊजींच्या कारखान्याची खिडकी उघडायची, तर तिचं दार भिंतीवर आपटतं. हात बाहेर काढला की कोपरसुद्धा सरळ होत नाही. रंग चुकायला लागले, डॉक्टर कवळ्या परत पाठवायला लागले, आणि बिस्किटांचा डबा पुन्हा ताईच्या खिडकीत आला. ती खोली विकून दुसरी घ्यावी, तर तिच्याकडे आता कुणी ढुंकूनही बघेना. नुकसानभरपाई मिळाली तर दुसरी जागा, नाहीतर या वयात धंद्याला कुलूप. इतकं सरळ होतं ते.

वकीलकाका स्वतः घरी आले. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "चूक माझी आहे. माझ्यावर दावा लाव. असल्या चुकांसाठी आम्हा वकिलांचा विमा असतो, विमा कंपनी देईल."

"मी मित्रावर दावा लावणार नाही," भाऊजी म्हणाले. "आपलेच दात आणि आपलेच ओठ."

वकीलकाकांनी हात जोडले. मीही चार शब्द सुनावले. दगडावर डोकं आपटल्यासारखं. आणि आठवड्यानं हेच भाऊजी आमच्या ऑफिसच्या पायऱ्या चढून आले आणि ऐटीत म्हणाले, "मी विचार केला. मला वाटतं दावा लावावा." जसं काही ही कल्पना जगात पहिल्यांदा त्यांनाच सुचली होती!

आमचं ऑफिस म्हणजे वकीलबाईंचं. मी त्यांच्याकडे कारकून आहे, फायली माझ्या, तारखा माझ्या, आणि त्यांचा चष्मा कुठे आहे हेही मलाच ठाऊक. मला वाटलं, झालं, चूक कबूल आहे, नुकसान समोर विटा-सिमेंटचं उभं आहे, आता राहिलं काय? वकीलबाईंनी खुर्ची मागे सरकवली.

"समज, तू गॅसवर दूध ठेवून बाहेर गेलीस आणि मला लक्ष ठेवायला सांगायचं विसरलीस. दूध उतू गेलं. चूक कुणाची?"

"माझी."

"आणि मी असले कुंभकर्ण की माझ्या कानात ओरडलीस तरी मी उठले नसते. मग?"

"मग दूध गेलंच असतं."

"म्हणजे तुझ्या विसरण्यामुळे गेलं का?"

मी उगीचच टेबलावरच्या फायली सारख्या करायला लागले. 

"विमा कंपनीचा वकील नेमकं हेच म्हणणार," वकीलबाई म्हणाल्या. "पत्र लिहिलं नाही, मान्य. पण लिहिलं असतं तरी या माणसानं खोली घेतलीच असती. मग त्या न लिहिलेल्या पत्रानं त्याचं बिघडवलं काय?"

"म्हणजे आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, त्यातली गत."

"तीच. फक्त कोर्टात त्या मिशा किती लांब असत्या तेही दाखवावं लागतं." मग त्या गंभीर झाल्या. "जे घडलंच नाही, त्याचा साक्षीदार कुठून आणायचा? कोर्ट बघणार, हा माणूस मुळात कसा आहे. सांगितल्यावर थांबणारा की न थांबणारा. तू घरातली आहेस. जा आणि मला एक प्रसंग आणून दे. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, कुणीतरी 'नको' म्हटलं आणि हे थांबले, असा."

मला हे काम भयंकर आवडलं. माणसाच्या आयुष्याचा शोध आपण कधी असा घेतो का? आपल्याला वाटतं, आपला माणूस आपल्याला पाठ आहे. मी वही घेतली आणि निघाले.

आधी गेले भाऊजींच्या थोरल्या भावाकडे. ते निवृत्त शाळामास्तर. प्रश्न ऐकून त्यांना हसता हसता ठसका लागला. मला हाताला धरून दारापुढच्या फरसबंदीवर घेऊन गेले. तिथे सिमेंटमध्ये लहान मुलाची पावलं उमटलेली होती, चांगली या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"सिमेंट ओलं आहे, पाय देऊ नको, असं वडील म्हणाले. त्याचं हे उत्तर," मास्तर म्हणाले. "शाळा सोडू नको म्हटलं, सोडली. कारकुनी धर म्हटलं, तर मेल्या माणसांचे दात करणाऱ्याकडे शिकायला गेला."

"मेल्या नाही, जित्या माणसांचे."

"आमच्या आईला काय माहीत! ती म्हणायची, कुणाच्या तोंडात गेलेली वस्तू घरात आणायची नाही." त्यांनी डोळे पुसले. "तुझ्या ताईशी लग्न करू नको, म्हणून आख्खं घर बसून होतं. का? तर पत्रिका, उंची, कुणाला काय, कुणाला काय. केलं ना? आणि सगळ्यात कडी ती परगावच्या नोकरीची. समुद्राकाठचं ते केवढं मोठं शहर, केवढा कारखाना, हा तिथला मुख्य कारागीर होणार होता. मी स्वतः पाय धरायचा बाकी होतो. पण नाही! 'मला तिकडचं हवामान सोसायचं नाही.' बस्स. सोन्यासारखी संधी हेकटपणानं घालवली. लिही, लिही ते."

ही नोकरीची गोष्ट मला नवीन नव्हती. आमच्याकडे कुणी पोरगं हट्टाला पेटलं की त्याला हीच गोष्ट सांगतात, मीही सांगितलीय. मी लिहून घेतली आणि पुढे गेले.

मग दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्या भाऊजींकडून अनेक वर्षं काम करून घेतात. त्यांनी हातमोजे काढले आणि माझ्याशेजारी रुग्णाच्या बाकावर बसल्या. "मी लिहून पाठवते, दात सरळ ठेवा. ते एक वाकडा ठेवतात. का, विचारलं तर म्हणतात, या माणसाला सरळ शोभणार नाही. वैताग आहे नुसता. कधी त्यांचं बरोबर निघतं, कधी मला घासत बसावं लागतं."

"कधीतरी ऐकलं असेल की त्यांनी तुमचं?"

त्यांनी पुष्कळ विचार केला. "तोंडाला फडकं बांधा, ती प्लॅस्टरची धूळ छातीत जाते, असं मी बजावलं होतं. छे! पण नंतर बांधायला लागले. मी म्हटलं, चला, एक तरी ऐकलंत. तर म्हणे, तुमचं कुठे ऐकलं, मला वास सहन होत नाही म्हणून बांधतो."

म्हणजे तेही गेलं. शेजारी झाले, डॉक्टर झाले, चहावाला झाला. चहावाल्यानं तर सांगितलं, "साखर कमी घ्या म्हटलं की जास्त घेतात." चहावाल्याला साक्षीला नेऊन उपयोग नव्हता. शेवटी ताईकडे गेले. ती खिडकीतले दात बाजूला सारून कोथिंबीर निवडत होती.

"ताई, भाऊजींनी तुझं कधी ऐकलंय?"

ताई माझ्याकडे बघून नुसती हसली. "तुला कशाला हव्यात या चौकशा?"

"कोर्टाला हव्यात."

"मग कोर्टालाच सांगेन," ती म्हणाली आणि कोथिंबिरीची देठं पुडीत बांधायला लागली. ताई अशीच. लहानपणापासून तिच्या पोटातलं काढायचं म्हणजे वाळूतून तेल काढायचं. मी नाद सोडला. वकीलबाईंनी मात्र तिचं नाव साक्षीदारांत घातलं. म्हणाल्या, पत्र घरी आलं असतं तर फोडलं कुणी असतं, एवढं तरी ती सांगेल.

कोर्टाची खोली लहानशीच होती. पंखा फिरत होता पण वारा न्यायाधीश साहेबांच्या कागदांनाच लागत होता. वकीलकाका मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेले. विमा कंपनीचा वकील बोलायला इतका गोड की ऐकणाऱ्याला मधुमेह व्हावा. त्यानं वकीलकाकांची चूक पहिल्या दोन वाक्यांतच मान्य करून टाकली, जसं काही उपकारच करतोय. भाऊजी साक्षीला उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, पण नखांत प्लॅस्टर. वकीलबाईंच्या प्रश्नांना त्यांनी ठीक उत्तरं दिली. उजेडासाठीच खोली घेतली, भिंतीचं कळलं असतं तर घेतली नसती. मला हायसं वाटलं. मग तो गोड वकील उठला.

"तुमचं काम फार ऐकलंय हो मी. कलाकार माणूस! कलाकार कुणाचं ऐकत नाहीत, नाही?"

"नाही," भाऊजी म्हणाले.

मी टेबलाखाली पाय आपटला.

"तुम्हीही नाही?"

"मी माझं ठरवतो."

"कुणी 'नको' म्हटलं म्हणून तुम्ही एखादी गोष्ट सोडलीय, असं आयुष्यात कधी झालंय?"

वकीलबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मी मनात म्हणत होते, भाऊजी, एकदा, एकदाच खोटं बोला, एवढी वर्षं मेणाच्या हिरड्या खऱ्या म्हणून खपवताय ना! भाऊजींनी छाती पुढे काढली.

"कधीच नाही," ते म्हणाले. "मला पटलं तरच मी करतो. नाही पटलं तर नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपण काही करत नसतो."

"ती खोली तुम्हाला फार पटली होती, नाही का? जेवण सुचत नव्हतं म्हणे."

"फार पटली होती."

"बस्स," गोड वकील म्हणाला आणि इतक्या हळुवारपणे खाली बसला की खुर्ची वाजलीसुद्धा नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. भाऊजी माझ्याशेजारी येऊन बसले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "चांगलं झालं ना?" मला त्यांच्या डोक्यात फाईल घालावीशी वाटली. धंदा, खोली, सगळं त्या एका 'कधीच नाही'त गेलं होतं, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

मग ताईला बोलावलं. तिनं पदर सारखा केला आणि घरात बोलते तशीच बोलायला लागली. घरचं टपाल कोण फोडतं? "मीच. ते बिलसुद्धा वाचत नाहीत." वकीलकाकांचं पत्र आलं असतं तर? "मी वाचलं असतं." वाचून काय केलं असतं? "ही खोली घ्यायची नाही, असं यांना सांगितलं असतं."

गोड वकील उठला. "बाई, खोली तर घराच्या मागेच. तुम्हाला किती सोयीची! तुम्ही कशाला नको म्हणाला असता?"

"सोयीची?" ताईचा आवाज एकदम चढला. "अहो, इतकी वर्षं लोकांचे दात माझ्या ओट्यावर वाळत पडलेत! भाजीत एकदा दाढ सापडलीय मला! उजेड असलेली खोली मिळाली की ते दात माझ्या घरातून जातील, एवढ्या एका आशेवर मी माझं आहे नाही ते दिलं. अंधारी खोली घ्यायला मला काय खूळ लागलं होतं? अंधारी तर आमच्याकडे होतीच की, तळघरात."

न्यायाधीश साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. गोड वकील मात्र हलला नाही.

"बरं. तुम्ही नको म्हणाला असता. पण तुमचे यजमान आत्ताच सांगून गेले, ते कुणाचं ऐकत नाहीत. कधीच नाही."

"ते तसं सांगतातच."

"म्हणजे ते खोटं बोलले?"

"खोटं नाही हो," ताई म्हणाली. "त्यांना तसंच वाटतं. निदान तसं म्हणायची त्यांना सवय आहे. मी आधी सांगते, मग ते दोन दिवस घुमे होतात, आणि तिसऱ्या दिवशी तीच गोष्ट स्वतःची म्हणून सगळ्यांना सांगतात. हा दावासुद्धा मीच लावायला सांगितला."

मी भाऊजींकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

"हे तुमचं म्हणणं झालं, बाई. एखादा प्रसंग?" गोड वकील म्हणाला. माझ्या मते त्याची आयुष्यातली सर्वात मोठी चूक ही. उत्तर माहीत नसलेला प्रश्न त्यानं विचारला.

 ताईनं माझ्याकडे बघितलं, जसं काही परवानगी मागत होती. मला काहीच कळेना.

"आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती," ती म्हणाली. "यांना समुद्राकाठच्या शहरात मोठी नोकरी आली. तिथला मुख्य कारागीर. यांनी होकार कळवायचंही ठरवलं होतं, ट्रंक काढली होती. मी भांडी पुसत होते. मी म्हटलं, अहो, माझी आई नाही. बाबा लकवा होऊन पडलेत. आणि घरात दुसरं कोण, तर माझी धाकटी बहीण. बारा वर्षांची. आपण गेलो तर तिची शाळा सुटेल, बाबांचं सगळं त्या पोरीच्या अंगावर पडेल. मी नाही येऊ शकत. यांनी ट्रंक परत माळ्यावर टाकली. आणि सगळ्यांना काय सांगितलं? तिकडचं हवामान सोसत नाही! माणूस तिकडे कधी गेलेलाच नाही, साहेब. हवामान कुठून कळलं?"

खोलीत हशा पिकला. मी हसले नाही. ती बारा वर्षांची पोरगी मीच की! बाबांना भरवायला ताई रोज यायची, मी दप्तर घेऊन शाळेत जायची, पुढे टायपिंग शिकले, नोकरीला लागले, आणि हे सगळं आपोआप घडलं असं समजत होते. हेकटपणानं संधी घालवली म्हणून मी ज्या माणसाची गोष्ट पोरांना सांगायची, तो माझ्यासाठी राहिला होता. मला रडू आलं आणि रागही आला. एवढी वर्षं! एका शब्दानं बोलायचं नाही?

"तेव्हा खरं का नाही सांगितलंत लोकांना?" हे विचारलं न्यायाधीश साहेबांनी. खटल्यासाठी त्याची गरज होती का, कोण जाणे. मला वाटतं, त्यांनाही राहवलं नाही.

"बाबांच्या कानावर गेलं असतं," ताई म्हणाली. "आपल्यापायी जावयाची नोकरी गेली, हे त्यांना कळलं असतं, तर ते अन्नाला शिवले नसते. यांनी मला शपथ घातली होती. बाबा गेल्यावरही यांनी ती सोडली नाही. मेहुणीला कशाला ओझं, म्हणाले."

मी शेजारी बघितलं. भाऊजी अजून छताकडेच बघत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. मी हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला आणि मग स्वतःच परत धरला.

निकाल आमच्या बाजूनं लागला, हे सांगून टाकते, उगीच जीव टांगणीला नको. न्यायाधीश साहेबांनी लिहिलं की पत्र गेलं असतं तर पत्नीनं ते वाचलं असतं, तिनं विरोध केला असता आणि व्यवहार झाला नसता, हीच शक्यता जास्त आहे. वकीलकाकांनी बाहेर येऊन भाऊजींना मिठी मारली, हरलेला माणूस जिंकणाऱ्याला मिठी मारतोय असं त्या कोर्टानं पहिल्यांदाच बघितलं असेल. पण माझ्या मते निकाल त्या साक्षीच्या दिवशीच लागला होता.

ताई खाली बसल्यावर न्यायाधीश साहेबांनी भाऊजींना पुन्हा उभं केलं. गोड वकिलाचा चेहरा जरा खुलला. या माणसाच्या तोंडून अजून एकदा 'मी कुणाचं ऐकत नाही' आलं की त्याचं काम झालं असतं. वकीलबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"तुमच्या पत्नी म्हणतात ते खरं आहे?" साहेबांनी विचारलं. "ती नोकरी तुम्ही त्यांच्या सांगण्यावरून सोडलीत?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "मला जायचंच नव्हतं."

वकीलबाईंची नखं माझ्या मनगटात रुतली. न्यायाधीश साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पुढे झुकले.

"बरं, मला एवढंच सांगा. खोलीच्या वेळी ते पत्र आलं असतं. तुमच्या पत्नीनं ते वाचलं असतं आणि म्हटलं असतं, ही खोली घ्यायची नाही. मग तुम्ही काय केलं असतं?"

भाऊजींनी विचार केला. खरोखर विचार केला, मेणाची कवळी हातात फिरवून बघतात तसा. मग एकदा ताईकडे बघितलं.

"काही नाही, साहेब," ते म्हणाले. "दोन दिवसांनी सगळ्यांना सांगितलं असतं, की मलाच ती खोली आवडली नाही."